अनाक्लेतोची टोपली

पातोस, ६ मार्च १९५४

मेहुण्या जुवेंसियो,

तुझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. बरी असेल तर मला वाईट वाटेल, आणि बिघडली असेल तरी एवढ्यात तू मरू नयेस, कारण आधी मला तुझ्याकडून एक उत्तर हवं आहे.

आज बाजारात साबण आणायला गेलो होतो. तिथे तो कारुआरूचा कोस्मे, दोरीवर पुस्तिका टांगून विकणारा, खोक्यावर उभा राहून गळा काढत होता. मला बघून लोक हसायला लागले. मला वाटलं ओळखलं, खूश झाले. वीस वर्षं या मुलखात मला बघून लोक खूशच होतात. मग कानावर काय आलं? 'जुवेंसियो आणि अनाक्लेतो यांचा घनघोर सवाल-जवाब, आणि अनाक्लेतोचं पलायन'. वर लाकडी ठशाचं चित्र. त्यात मी तारांची विओला काखेत मारून पळतोय आणि मागे कुत्रा लागलाय.

तू आणि मी समोरासमोर कधी बसलो, सांग. तुझी बहीण ओतिलिया माझ्या घरात आली त्या दिवसापासून नात्याची भीड धरून मी तुला सोडून दिलं. नाहीतर माझ्या विओलाच्या मानेवर एकेका विजयाची एकेक फीत बांधलेली आहे, त्यात तुझ्या नावाचीही एक लटकली असती. टेशेराचा तो उमेदवार भर सभेत म्हणाला, 'गाणाऱ्याला मी माझ्या घोड्याइतकंच खायला घालतो', तेव्हा 'मग मतंही घोड्याकडेच मागा' असं त्याला सुनावणारा मी. तो पडला, आणि लोक अजून त्याला रस्त्यात विचारतात, घोडा काय म्हणतोय. 'तू चर्चमध्ये दिसत नाहीस' म्हणणाऱ्या पाद्र्याला 'बाबा, झोप मला घरीही चांगली लागते' म्हणणारा मी. आणि मी तुझ्यापुढून पळणार?

पळाल्याचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्यात तुझ्या तोंडी या ओळी आहेत, आणि आता पातोसमधलं शेंबडं पोरसुद्धा त्या म्हणत फिरतंय:

टोपली घेऊन येतोस, गड्या, घरून भरून भरून,
बायको रचते चुलीपाशी, तू गातोस मान वर करून.
उद्या तिनं जर तोंडामध्ये धरली पाण्याची चूळ,
तर तुझ्या त्या गळ्यामधून निघेल नुसती धूळ.

आपल्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही हे तुला ठाऊक आहे. जागच्या जागी रचून न गाता घरून पाठ करून आणणाऱ्याला, टोपलीतला शिळा माल विकणाऱ्याला, लोक उभं करत नाहीत. जमीनदार कर्नल लाउरेंतीनोच्या मुलीच्या लग्नात माझं गाणं ठरलं होतं. काल त्याचा निरोप आला, 'राहू दे'.

कारुआरूला जा, त्याच खोक्यावर उभा राहा, आणि सांग की हे खोटं आहे. आणि मला कळव, हे तुला कोणी सांगितलं.

अनाक्लेतो


सेर्तानिया, १९ मार्च १९५४

दाजींच्या सेवेशी,

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, पाकीट हाताला गरम लागतंय.

ती पुस्तिका मी लिहिली नाही, लिहवून घेतली नाही, आणि त्यातली एकही ओळ कधी गायलो नाही. गायलो असतो तर बरं झालं असतं, कारण शेवटची कडवी मला आवडली. कोस्मेचं पोटच अशा न झालेल्या लढायांवर चालतं. गेल्या वर्षी त्याने मला आंधळ्या फिर्मीनोकडून हरवलं. फिर्मीनो जाऊन किती वर्षं झाली हे कोस्मेला माहीत नव्हतं असं नाही, तो त्याच्या मयताला होता. मी काय केलं? पुस्तिका विकत घेतली, चौकात मोठ्यानं वाचली आणि म्हटलं, 'जिवंत माणसांत मला हरवणारा सापडेना, म्हणून बिचाऱ्याला थडगं उकरावं लागलं.' लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्या आठवड्यात मला तीन ठिकाणची आमंत्रणं आली.

त्याच फिर्मीनोला एक कर्नल म्हणाला होता, 'तुला आरसा दिसत नाही हे बरं आहे.' फिर्मीनो म्हणाला, 'आरशापासून वाचवायला देवानं एवढा खटाटोप केला नसता, साहेब. त्याला तुमचं तोंड लपवायचं होतं.' कर्नल संतापला आणि तिथेच मेला, म्हणजे लोकांच्या दृष्टीने. तो रागावला नसता तर ती गोष्ट त्या अंगणाबाहेर गेली नसती. आपल्या धंद्याचा कायदा एकच आहे, आणि तो तुम्हीच मला पोरवयात सांगितलात: समोरचा आईवरून बोलो नाहीतर नाकावरून, ज्याला राग आला तो हरला.

तेव्हा हसा आणि सोडून द्या. खोक्यावर उभं राहून नाकारायला मात्र मी जाणार नाही. त्यात मी जिंकलोय, दाजी. जिंकल्याची माफी मागायची रीत आमच्या घरात नाही.

ताईला नमस्कार. तिला म्हणावं, चित्रातला कुत्रा फार छान आलाय.

जुवेंसियो


पातोस, १० एप्रिल १९५४

जुवेंसियो,

पानभर बडबड केलीस, आणि विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीस. म्हणून ज्या माणसाकडे उत्तर होतं त्यालाच विचारलं.

ओतिलिया मक्याच्या पिठाला पाणी लावत होती. मी म्हटलं, 'भावाला काय काय सांगितलंस?'

'कशाबद्दल?'

'टोपलीबद्दल.'

'तुमच्याकडे टोपली आहे का?' असं विचारलं तिनं. मला. आणि हात पिठातच. मी म्हटलं, घरातली गोष्ट चार जिल्ह्यांत गेली, ती पाय फुटून गेली का? म्हणजे गोष्ट अशी काही नाहीच, पण जी नाही ती तरी बाहेर कशी गेली? त्यावर तिनं पिठावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं माझ्या घरचं खाऊन ही नजर.

मी सांगून टाकलं, ज्या घरी तुझी जीभ आधीच जाऊन बसलीये तिथे तूही जा. तिनं हात धुतले, गाठोडं बांधलं, आणि कापसाच्या लॉरीत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. तोंड दाखवायला जागा होती कुठे?

आता तुझ्याकडे दोन तोंडं आहेत, तुझं आणि तिचं. दोन्ही घेऊन बस. मी तुला जाहीर आव्हान देतो. ६ जूनला, रविवारी, तुमच्याच गावच्या गुरांच्या बाजारात, दुपारच्या उन्हात, सगळ्यांसमोर. विषय लोकांनी द्यायचा, जागच्या जागी गायचं. मग बघू पळतो कोण.

अनाक्लेतो


सेर्तानिया, २ मे १९५४

दाजी,

ताई पोचली. सुखरूप आहे. तिनं तुमच्याबद्दल एक वाईट शब्द काढलेला नाही, ती चुलीपाशी बसते आणि माझ्या बायकोला कामाला हात लावू देत नाही. मी तिला तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. 'हे तुला कोणी सांगितलं' या वाक्याशी आलो तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. तोवर मला काही ठाऊक नव्हतं. तेव्हा कळलं.

आता शांतपणे ऐका, विओला खाली ठेवा. कोस्मेच्या पुस्तिकेत जो हरतो त्याच्या हातात टोपली असते. दर वेळी. माझी टोपली सासू भरते असं त्याने छापलंय, आणि माझी सासू मुकी आहे. दात उपटायचा धंदा करणाऱ्या एका गायकाची टोपली त्याचा पोपट भरतो. एकाची तर सैतान भरतो आणि वर व्याज घेतो. कोस्मेला दुसरं काही सुचत नाही. आम्ही सगळे हसलो, त्याला दोन टोले दिले, त्याची दारू प्यायलो, घरी आलो. तुम्ही एकट्यानं विचारलंत, 'कोणी सांगितलं?' खोटी गोष्ट कोणी सांगावी लागत नाही, दाजी. खाई त्याला खवखवे. कोस्मेनं अंधारात दगड मारला, आणि तुम्ही ओरडून सांगितलंत की मी इथे उभा आहे.

घोड्याचं उत्तर ताईचं. पाद्र्याचंही तिचंच, मला आता पटलं, कारण ती झोपेची गोष्ट आमच्या वडिलांची आहे. आणि तुमचं ते प्रसिद्ध विओला जुळवणं. ऐन अडचणीच्या वेळी तुम्ही थांबायचात, खुंट्या पिळायचात, तारा छेडायचात, लोक म्हणायचे काय कसबी माणूस आहे. ताई तुमच्या मागे भिंतीशी बसलेली असायची, नाही का? नेहमीच तिथेच. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकलं होतं, तो फितीही बांधून घेतो हे तुमच्याकडून कळलं.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ताईनं तशी शपथ घातली आहे. तुम्ही एवढंच करा: इथे या, तिच्यासमोर उभं राहा, 'चुकलो' म्हणा, तिला घेऊन जा. ६ जूनचं मी मोडून टाकतो. लोकांना सांगेन माझा घसा बसला.

जुवेंसियो


पातोस, १५ मे १९५४

जुवेंसियो,

घसा बसवू नकोस, लागेल. मी येतोय, पण चुकलो म्हणायला नाही. बायकोनं जेवताना मीठ हातात दिलं म्हणून जेवण तिनं केलं असं होत नाही. एखादा शब्द दिला असेल तिनं. गळा माझा आहे, फिती माझ्या आहेत, आणि अनाक्लेतो हे नावही माझंच आहे.

तिला बाजारात आणू नकोस. तिला बघून लोकांना वाटायचं, मी तिला न्यायला आलो.

अनाक्लेतो


सेर्तानिया, ९ जून १९५४

दाजी,

तुमची टोपी इथे राहिली आहे, कोणी येणारं भेटलं की पाठवतो. आणि तुम्ही अर्ध्यातून निघून गेलात, तेव्हा पुढचं सांगणं मेहुण्याचं कर्तव्य आहे.

पहिला तासभर तुम्ही वाईट नव्हता. आवाज चांगला आहे, तो तुमचाच आहे. पण चावा नव्हता. चामडं विकणाऱ्या बाल्दुईनोनं कडव्याच्या शेवटी आणायची ओळ दिली आणि तुम्ही विओला जुळवायला लागलात. जुळवत राहिलात. मागे बघितलंत. मागे फक्त बाल्दुईनोचा बैल होता. मग तुम्ही घोड्याचं ते जुनं उत्तर काढलंत, आणि अर्धी ओळ तुम्ही म्हणायच्या आत सगळ्या बाजारानं ती पुरी केली. तेही मी सावरून घेतलं असतं. पण तुम्ही उभं राहून ओरडलात, 'ही सगळी माझ्या बायकोची फितुरी आहे. ती सांगत नाही तोवर यांना कळणार कुठून?'

मी तोंड शिवून बसलो होतो, ताईची शपथ होती. तुम्हाला कोणी शपथ घातली नव्हती, त्यामुळे तुम्हीच बोललात. सगळा बाजार तुमच्याकडे बघायला लागला, बैल तेवढा रवंथ करत राहिला. मग कोणीतरी हसलं, आणि तुम्ही गेलात.

मी विओला पिशवीत घालायला लागलो. मला आनंद झाला नाही, खरं सांगतो. समोर माणूस नसेल तर जिंकायचं कोणाला? एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ताई उठली. मी तिला आणलं नव्हतं, ती स्वतःहून आली होती. सरळ येऊन तुमच्या खुर्चीत बसली.

बाल्दुईनो म्हणाला, 'बाई, ही पुरुषाची खुर्ची आहे.'

ताई म्हणाली, 'पुरुष आत्ताच उठून गेला. खुर्ची तशीच आहे.'

मी कुजबुजलो, 'ताई, हे काय चाललंय? त्यांनी तुला चारचौघांत काय म्हटलं ते ऐकलंस ना?'

'ऐकलं. पण माझ्या घरचा माणूस अर्ध्यावर हरला असं उद्या कोस्मे छापेल. गा.'

बाल्दुईनोनं ओळ दिली, 'रिकाम्या खुर्चीत बसलं कोण?' मी म्हटलं, बहीण असली तरी धंदा तो धंदा. मी गायलो:

दाजी गेले, मागे उरली त्यांची पेंढ्याची गोण,
तीच विचारते ऐटीत आता, रिकाम्या खुर्चीत बसलं कोण?

लोक हसले. ताईनं तार जुळवली नाही, मागे बघितलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही:

झोळीमध्ये रडायचास तू, दोऱ्या हलवल्या मीच दोन,
परत रडशील तेव्हा कळेल, रिकाम्या खुर्चीत बसलं कोण.

पुढचं काय सांगू? तिनं मला धुतला, पिळला आणि वाळत घातला. माझं नाक, माझी ढेरी, माझं हिशोबीपण, मी लहानपणी शेजारच्या शेळीला घाबरून झाडावर चढलो होतो ते, सगळं. आणि मला एकदाही राग आला नाही, कारण इतकं सुंदर हरायला मला कधी मिळालं नव्हतं. बायका उभ्या राहून ओरडत होत्या. फीत आणली तेव्हा ती म्हणाली, 'ही अनाक्लेतोच्या विओलाला बांधा, मी त्याच्या जागी गायले.' पण विओला तुम्ही घेऊन गेला होतात. मग ती तिच्याच मनगटाला बांधली.

तेव्हा अभिनंदन. तुमच्या खुर्चीनं मला हरवलं.

जुवेंसियो


पातोस, २० जून १९५४

ओतिलिया,

तुझ्या भावाचं पत्र मिळालं. बाजारात जे झालं ते ऐकलं. माझ्या जागी गायलीस, हे तुझ्या लक्षात राहिलं, बरं वाटलं.

मी विचार केला आणि तुला माफ केलं. राग धरून बसणारा माणूस मी नाही. झालं गेलं, आता घरी ये. घर अगदी कसंतरी झालंय, कॉफीला चव नाही, शेळ्यासुद्धा माझं ऐकत नाहीत. आणि आपली नवरा-बायकोची जोडी निघाली तर लोक लांबून येतील. मी पुढे बसेन, तू शेजारी बस, अगदी मागे भिंतीशी नको. लोकांनी बघितलं तरी चालेल. तू हळूच सांगायचं, मी गायचं. तुला गळा कमी आहे, धुळीत टिकणार नाही.

कर्नल लाउरेंतीनोनं परत विचारलंय. त्याला काय उत्तर देऊ ते कळव. आणि एखादं चांगलंसं उत्तर त्या बाल्दुईनोसाठीही सुचव, तो मला भेटणार आहे.

तुझा,
अनाक्लेतो


सेर्तानिया, ४ जुलै १९५४

अहो,

पत्र मिळालं. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही हे कळलं, म्हणजे तब्येत चांगली आहे.

तुम्ही मला माफ केलंत. कशाबद्दल, ते मात्र लिहायचं राहिलं. मी जुवेंसियोला विचारलं, त्यालाही सापडेना.

टोपलीचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी ती हौसेनं भरली. लोक हसायचे तेव्हा भिंतीशी बसून मी तुमच्यापेक्षा जास्त खूश व्हायचे, आणि तुम्ही फीत बांधून घ्यायचात तेव्हा मला वाटायचं, आपल्या दोघांची आहे. माझ्या आईला मी सांगितलं नाही, पाद्र्याला कबुलीजबाबात सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. या जगात एका माणसानं तुमचं गुपित राखलं, आणि तुम्ही नेमकं त्यालाच घराबाहेर काढलंत. त्या लॉरीत मी रस्ताभर रडले. ड्रायव्हर बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याच्या गाडीनं काही झालं. मला तुमच्याबद्दल माया नव्हती असं नाही, अजूनही थोडी आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

त्या दिवशी खुर्चीत बसले ती तुमची लाज राखायला. बसल्यावर कळलं की मी कोणाचं काही राखत नव्हते. तो माझा आवाज होता. इतकी वर्षं तो तुमच्या तोंडातून ऐकून मला वाटायचं, तो तुमचाच असेल.

गळा धुळीत टिकतो. गेले तीन रविवार गातेय.

कारुआरूहून निरोप आला आहे. १८ जुलैला, रविवारी, भर बाजारात. कोस्मे स्वतः येऊन बसणार आहे, म्हणे या वेळी खरं झालेलं छापीन. त्यांनी मला विचारलं, समोर कोण हवं? जुवेंसियो तयार होता. मी तुमचं नाव दिलं.

याल ना? कर्नलला काय सांगायचं आणि बाल्दुईनोला काय, ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्या तोंडून मी वीस वर्षं साऱ्या मुलखाला उत्तरं दिली. उमेदवाराला दिलं, पाद्र्याला दिलं, येईल त्याला दिलं. तुम्हाला मात्र अजून एकही दिलेलं नाही.

ओतिलिया